अंगणातला दिवा वेळेवर लागावा म्हणून: घरी टायमर स्विच बसवण्याची आणि वापरण्याची रीत

पणजीत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. वर्षभरात दिवेलागणीची वेळ तासाभराहून थोडी जास्तच मागेपुढे होते. बाल्कांवातला (दारासमोरच्या बैठकीच्या ओसरीतला), तुळशीवृंदावनाजवळचा आणि गेटवरचा असे घराबाहेरचे तीन दिवे रोज कुणीतरी आठवणीने लावायचे आणि आठवणीने बंद करायचे असतात. घरात माणसे असतात तेव्हा हे जमून जाते. पण मुले मुंबईला किंवा आखातात, घरात दोघेच वयस्कर, किंवा घर चतुर्थीपुरतेच उघडणारे असेल तर एक तर अंगण काळोखात राहते, नाही तर दिवा भर दुपारीही जळत राहतो.

ठरलेल्या वेळी आपोआप लागणारा आणि बंद होणारा स्विच हा त्यावरचा साधा उपाय आहे. दुकानात त्याला टायमर स्विच म्हणतात. फोनवरून चालणारा असेल तर स्मार्ट स्विच. हा लेख पहिल्यांदाच असे काही घेणाऱ्यांसाठी आहे. खोक्यावर छापलेल्या सोयींची यादी वाचून स्विच निवडू नका. त्याऐवजी तीन गोष्टी बघा. तुमच्या बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जाण्याची, वायर आहे का? वीज गेली तरी स्विचचे घड्याळ चालू राहते का? आणि घरातल्या आजीला मध्यरात्री हाताने तोच दिवा लावता येईल का? या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर साधा, स्वस्त स्विचही वर्षानुवर्षे काम देतो.

वीजबिलाबद्दल आधीच सांगतो, म्हणजे चुकीची अपेक्षा राहणार नाही. ९ वॉटचा एलईडी रोज १२ तास जळला तर महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज लागते. टायमर लावून तो पाच तासांवर आणला तर जेमतेम दोन युनिट वाचतात. गेटवर ५० वॉटचा फ्लडलाइट असेल तर मात्र महिन्याला १८ युनिटचे साडेसात होतात, तो फरक बिलावर दिसतो. खरा फायदा आहे तो दिवा न चुकता लागण्याचा. साप-विंचवाच्या दिवसांत उजेडातल्या पायऱ्यांची किंमत युनिटमध्ये मोजता येत नाही.

कोणता स्विच घ्यायचा

सर्वांत सोपा म्हणजे प्लगमध्ये खोचायचा यांत्रिक टायमर. त्यावर २४ तासांची गोल तबकडी असते आणि तिच्या कडेला बारीक खुंट्या. बहुतेकांत ९६ खुंट्या, प्रत्येक खुंटी पंधरा मिनिटांची. जेवढा वेळ दिवा हवा तेवढ्या खुंट्या दाबायच्या, तबकडी फिरवून आत्ताची वेळ बाणासमोर आणायची, झाले. वायरिंगला हात लावावा लागत नाही. चतुर्थीला मखराच्या आणि माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताभोवतीच्या) माळा, दिवाळीला आकाशकंदील यांसाठी मी हाच घ्यायला सांगेन. पण त्याचे घड्याळ विजेवरच चालते. वीज दोन तास गेली की तबकडी दोन तास मागे राहते. पावसाळ्यात आपल्याकडे माडाची झावळी तारेवर पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे आठवडाभरात हा टायमर भलत्याच वेळी दिवा लावू लागतो. कायमच्या दिव्यासाठी तो नको.

दुसरा डिजिटल साप्ताहिक टायमर. हा एमसीबीच्या (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) पेटीतल्या पट्टीवर बसतो. छोटा पडदा, चार-सहा बटणे, आणि आत स्वतःची बॅटरी. वीज गेली तरी बॅटरीवर घड्याळ आणि तुम्ही भरलेल्या वेळा शाबूत राहतात. सोमवार ते रविवार वेगवेगळ्या वेळा देता येतात. इंटरनेट लागत नाही, फोन लागत नाही. गोव्यातल्या गावच्या घरासाठी माझी पहिली पसंती यालाच आहे. यातलाच थोडा महाग प्रकार म्हणजे अक्षांश-रेखांश घेऊन सूर्यास्ताची वेळ स्वतः काढणारा. त्यात पणजीच्या आसपाससाठी अक्षांश १५.५ उत्तर आणि रेखांश ७३.८ पूर्व भरले की तो रोज मिनिटाने, अर्ध्या मिनिटाने सरकत वर्षभर सूर्यामागे चालतो. काणकोणपासून पेडण्यापर्यंत याच आकड्यांनी काम भागते, फरक पडला तर एक-दोन मिनिटांचाच.

तिसरा वाय-फायचा. यातही दोन तऱ्हा: एक जुना स्विच काढून त्याच्या जागी बसणारा, दुसरा जुन्या स्विचच्या मागे बोर्डात लपणारा छोटा डबा. फोनवरून कुठूनही दिवा लावता येतो, सूर्यास्तानुसार वेळ ठरवता येते. त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे, कारण नवख्यांची सर्वांत जास्त निराशा तिथेच होते.

प्रोग्राम नसलेला पण उपयोगी असा आणखी एक भिडू आहे, फोटोसेल. उजेड कमी झाला की तो दिवा लावतो, पहाटे बंद करतो. त्याची अडचण म्हणजे रात्रभर दिवा चालू राहतो, आणि जुलैत आभाळ भरून आले की दुपारी तीनलाही लागतो. यावर एक जुगत आहे. फोटोसेल आणि टायमर एकामागे एक जोडायचे. टायमरची वेळ संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा ठेवायची. मग संध्याकाळी अंधार पडला की फोटोसेल दिवा लावतो, साडेदहाला टायमर बंद करतो, आणि ऋतू बदलला तरी वेळ बदलावी लागत नाही. फोटोसेल त्याच दिव्याच्या उजेडात बसवू नका, नाहीतर दिवा लागतो, उजेड पडतो, दिवा विझतो, असे चक्र सुरू राहते.

बोर्ड उघडण्याआधी

इथे घाई करू नका. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभ्या माणसाला तो जीवघेणा ठरू शकतो.

कोणते काम आपण करायचे आणि कोणते वायरमनला द्यायचे, याची रेघ नियमांनीच आखलेली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलणे यांसारखी कामे, ज्यांनी जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ती वगळता बाकी विद्युतकाम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचे असते. म्हणजे एका स्विचच्या जागी तशाच क्षमतेचा दुसरा बसवणे एक, आणि पेटीत नवा टायमर बसवून नवी वायर ओढणे हे दुसरे. दुसऱ्या कामाला परवान्याचा माणूस बोलवा. त्याच्या शेजारी उभे राहून काय होते आहे ते समजून घ्या, त्यासाठीच पुढची माहिती आहे. पहिले काम तुम्ही स्वतः करणार असाल तरी आयुष्यात कधीच बोर्ड उघडला नसेल तर पहिल्या वेळी जाणता माणूस सोबत असू द्या.

एमसीबी पाडा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण स्विच बंद असला तरी त्याच्या एका टोकाला फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, असतोच. कोणता एमसीबी कोणत्या बोर्डाचा हे लिहिलेले नसेल तर मेनच पाडा. घरातल्या सगळ्यांना सांगा, पेटीवर कागद चिकटवा. मग टेस्टर घ्या. आधी तो चालू असलेल्या पॉइंटवर लावून पेटतो का बघा, मग तुमच्या बोर्डातल्या प्रत्येक वायरला लावा, आणि शेवटी परत चालू पॉइंटवर. मेन पाडलेला असेल तर चालू पॉइंटसाठी इन्व्हर्टरचा प्लग उपयोगी पडतो. बिघडलेला टेस्टर सगळीकडेच वीज नाही असे सांगतो, म्हणून ही तिहेरी तपासणी करायची.

गोव्यातल्या घरांत दोन सापळे हमखास सापडतात. पहिला इन्व्हर्टरचा. एकाच बोर्डात दोन स्विच मेन लाइनचे आणि दोन इन्व्हर्टरचे असतात. मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या स्विचमध्ये वीज जिवंतच. म्हणून टेस्टर तपासून झाला की, वायरीला हात लावण्याआधी, इन्व्हर्टरही बंद करा आणि वायरींना पुन्हा टेस्टर लावून बघा. दुसरा थ्री फेज जोडणीचा. मोठ्या घरात, विशेषतः कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी देण्यासाठी पंप असेल तर तीन फेज आलेले असतात आणि कधी एकाच बोर्डात दोन वेगवेगळे फेज निघतात. अशा दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. बोर्डात एकाहून अधिक एमसीबीच्या वायरी येत आहेत असा संशय आला तरी थांबा आणि वायरमनला बोलवा.

बोर्ड उघडल्यावर कुठलीही वायर सोडवण्याआधी फोनवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. हे फुकटचे काम पुढे फार उपयोगी पडते.

न्यूट्रल शोधणे

आपल्याकडच्या वायरिंगमध्ये परंपरेने फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा आणि अर्थिंग हिरवे असते. परदेशी बनावटीच्या स्विचला आलेल्या वायरींत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल दिसेल. हा निळा आणि आपला निळा यांत गल्लत झाली तर थेट शॉर्ट होतो. आणि जुन्या घरात रंगावर विसंबूच नका. मधे कुणीतरी हाताला लागेल त्या रंगाची वायर वापरलेली असते. खात्री टेस्टरने आणि मल्टिमीटरनेच होते. तपासण्यापुरती वीज चालू करायची ती जाणत्या माणसानेच.

साध्या स्विचला न्यूट्रल लागत नाही. फेज येतो, स्विचमधून दिव्याकडे जातो, दिव्यातून न्यूट्रल परत. पण डिजिटल टायमरला आणि बहुतेक वाय-फाय स्विचना स्वतःच्या घड्याळासाठी, रेडिओसाठी चोवीस तास थोडी वीज लागते आणि तिला परतीची वाट म्हणून न्यूट्रल हवाच. जुन्या चिरेबंदी घरांत लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये फेज तेवढा खाली बोर्डापर्यंत आणलेला असतो, न्यूट्रल वरच्या वर होल्डरकडे गेलेला असतो. बोर्ड उघडलात आणि न्यूट्रल दिसला नाही तर त्याचे कारण बहुधा हेच.

एक सोपी खूण: त्याच बोर्डात प्लग पॉइंट असेल तर तिथे न्यूट्रल असतोच, कारण त्याशिवाय प्लग चालणार नाही. फक्त तो न्यूट्रल त्याच सर्किटचा आहे ना, एवढे बघा. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा घेतला तर आरसीसीबी वारंवार पडतो. लोक मग आरसीसीबी खराब आहे म्हणून तोच काढून टाकतात. हे अजिबात करू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे झटक्यापासून माणूस वाचवणारे साधन आहे.

न्यूट्रल नसेल तरी वाटा आहेत. बाहेरच्या दिव्यांची लाइन वेगळ्या एमसीबीवर असेल तर टायमर मुख्य पेटीतच बसवा, तिथे न्यूट्रल असतोच. किंवा केसिंग पट्टीतून न्यूट्रलची एक वायर खाली ओढून घ्या. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते बंद असतानाही दिव्यातून किंचित वीज वाहू देतात, त्यामुळे कमी वॉटचा एलईडी मिणमिणत राहतो. त्यासाठी दिव्याला समांतर एक कपॅसिटर लावावा लागतो. खटपट करून हे चालते, पण न्यूट्रल ओढून घेणे हा जास्त टिकाऊ मार्ग आहे.

पेटीतला टायमर: जोडणी कशी असते

टायमरच्या कुशीवर जोडणीचा नकाशा छापलेला असतो, तो आधी शांतपणे वाचा. कंपनीप्रमाणे क्रमांक बदलतात, तत्त्व बदलत नाही. दोन स्क्रू घड्याळाला वीज देण्यासाठी: एकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल. उरलेल्या तिघांत एक सामाईक, एक नेहमी उघडा आणि एक नेहमी जोडलेला संपर्क.

इथे बरेच जण अडकतात. घड्याळाला वीज दिली, पडदा उजळला, वेळ झाली, आत टिक् असा आवाज आला, पण दिवा लागला नाही. कारण अनेक टायमरमधला संपर्क कोरा असतो. त्याला स्वतःची वीज नसते, तो फक्त दोन टोके जोडतो. म्हणून फेजवरून एक छोटा लूप सामाईक स्क्रूला द्यायचा आणि नेहमी उघड्या संपर्कातून वायर दिव्याकडे न्यायची. दिव्याची न्यूट्रल नेहमीप्रमाणे थेट.

टायमरवर १६ अँपिअर लिहिलेले असले तरी तो आकडा गीझरसारख्या साध्या लोडसाठी असतो. एलईडी दिवे चालू होण्याच्या क्षणी प्रचंड वीज ओढतात, मोटरही तसेच करते, आणि संपर्क हळूहळू चिकटू लागतात. एलईडीसाठीचा वेगळा, कमी आकडा माहितीपत्रात दिलेला असतो, तो पाळा. घरचे तीन-चार दिवे कुठल्याही टायमरला जड नाहीत. विहिरीचा पंप मात्र थेट टायमरवर जोडू नका. टायमरने कॉन्टॅक्टर (जड लोड चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा स्विच) चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने पंप.

वायरचे टोक आठ-दहा मिलिमीटर सोला, बारीक तारा पिळून एकत्र करा, एकही तार बाहेर राहू देऊ नका, स्क्रू घट्ट आवळा आणि वायर हलकेच ओढून बघा. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आयएसआय चिन्ह असलेली.

आता आजीचा प्रश्न. टायमर बसवला आणि जुना स्विच काढून टाकला, तर रात्री दीड वाजता बाहेर कुत्री भुंकली की दिवा लावायला पेटी उघडून बारीक बटणे दाबावी लागतील. असे होऊ देऊ नका. जुन्या जागी टू-वे स्विच बसवा, जिन्यात असतो तसा. त्याचा मधला स्क्रू दिव्याकडे, एक टोक थेट फेजला, दुसरे टोक टायमरच्या संपर्कातून आलेल्या वायरला. दोन्ही फेज एकाच एमसीबीचे असले पाहिजेत. मग स्विच एका बाजूला केला की दिवा लगेच लागतो, दुसऱ्या बाजूला केला की टायमरच्या हवाली. आजीला एवढेच सांगायचे की हा स्विच असा ठेव, आणि हवा तेव्हा उलटा कर. स्विचवर ‘वेळेवर’ आणि ‘आत्ता’ अशा दोन चिठ्ठ्या चिकटवल्या की पाहुण्यांनाही विचारावे लागत नाही.

टायमर घराबाहेर बसवायची वेळ आली तर पाणी-धूळ रोखणारी आयपी ६५ ची पेटी घ्या. वायर नेहमी खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चिऱ्याची पश्चिमेकडची भिंत पाणी पिते, त्यामुळे त्या भिंतीत खोदून पेटी बसवण्यापेक्षा भिंतीवर थोडी सुटी ठेवून बसवलेली बरी. वायर आत जाणारी भोके रबरी ग्लँडने बंद करा. मुंग्या आणि पाली तिथूनच आत शिरतात, आणि मुंग्या संपर्कात अडकून स्विच बंद पडणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे.

वेळ भरणे

आधी घड्याळ लावा. वार, तास, मिनिटे. चोवीस तासांची पद्धत मिळत असेल तर तीच ठेवा. बारा तासांच्या पद्धतीत सकाळ-संध्याकाळची गल्लत होऊन दिवा पहाटे साडेसहाला लागतो. अनेक टायमरमध्ये उन्हाळी वेळेची सोय असते, ती चालू झाली की घड्याळ एक तास पुढे उडी मारते. भारतात तशी पद्धत नाही, तेव्हा ती बंदच ठेवा. दोन बटणे चुकून एकत्र दाबली गेली की काही टायमरमध्ये ती चालू होते, हे लक्षात असू द्या.

मग प्रोग्राम. पी लिहिलेले बटण दाबले की पहिला प्रोग्राम, ‘चालू’ची वेळ. पुन्हा दाबले की त्याच प्रोग्रामची ‘बंद’ची वेळ. वारांचे गट येतात: सातही दिवस, सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार, एकेक वार. सुरुवातीला सातही दिवस ठेवा. उरलेल्या प्रोग्रामांच्या जागी वेळेऐवजी आडव्या रेघा दिसल्या पाहिजेत. तिथे पूर्वीची एखादी वेळ राहून गेली असेल तर दिवा अकारण लागतो-विझतो.

शेवटी मोड. ऑन, ऑटो आणि ऑफ असे तीन असतात. नेहमीसाठी ऑटो. पण अनेक टायमर ऑटोवर येताना आधीची स्थिती तशीच धरून ठेवतात आणि पुढची वेळ आली की मगच बदलतात. म्हणून दुपारी प्रोग्राम भरत असाल तर ऑफवरून ऑटोवर या, आणि दिवा चालू असायच्या वेळेत भरत असाल तर ऑनवरून. नाहीतर पहिल्याच रात्री टायमर बिघडला असे वाटते.

गोव्यासाठी वेळा कोणत्या ठेवाव्यात? ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यास्त सहा ते सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान असतो. या काळात सहा वाजता दिवा लागू दे. उरलेल्या वर्षात साडेसहा. उन्हाळ्यात तो थोडा लवकर लागेल, पण जून ते ऑगस्ट सूर्यास्त सातला असूनही ढगांमुळे अंधार आधीच पडतो, तेव्हा साडेसहाच बरे. असे वर्षातून दोनदाच बटणे दाबावी लागतात. बंद करायची वेळ साडेदहा. पहाटे फुले काढायला, दूध घ्यायला बाहेर जाणारे कुणी असेल तर दुसरा प्रोग्राम पाच ते साडेसहा. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, जानेवारीच्या अखेरीस मात्र सात वाजून जातात, तेव्हा त्या महिन्यांत पहाटेचा दिवा सातपर्यंत वाढवा.

पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे येतात. त्या संध्याकाळी दिवा तास-दोन तास बंदच ठेवलेला चांगला. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांजवळ घर किंवा खोल्या असतील तर समुद्राच्या बाजूचे दिवे टायमरवर घेऊन लवकर बंद होतील असे बघा. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले समुद्रावरचा उजेड समजून दिव्यांकडे चालत सुटतात. दिवा ठेवणे भागच असेल तर पिवळट-तांबूस, खाली तोंड केलेला आणि किनाऱ्यावरून न दिसणारा.

बंद घर असेल तर अंगणातल्या एका दिव्याने चोराची फसगत होत नाही. आतल्या एका खोलीचा दिवा वेगळ्या टायमरवर, शनिवार-रविवारी वेगळ्या वेळी लावा. काही टायमरमध्ये वेळा थोड्या पुढेमागे करणारा यादृच्छिक मोड असतो, तो इथे कामाला येतो. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर घरात कुणी शिरले म्हणून तेच काळजीत पडतात.

वाय-फायचा स्विच घेतलाच तर

बहुतेक वाय-फाय स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल आणि स्विच जोडला जात नसेल तर राउटरमध्ये दोघांना वेगळी नावे द्या. चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंतींतून सिग्नल फार क्षीण होतो, त्यात स्विच लोखंडी पेटीत असेल तर आणखीच. विकत घेण्याआधी फोन घेऊन त्या बोर्डाजवळ उभे राहा आणि तिथे २.४ चा सिग्नल किती येतो ते बघा.

वीज गेल्यावर काय होते हे समजून घ्या. बऱ्याच स्विचच्या आत वेळा साठवलेल्या असतात, पण वीज परत आल्यावर आत्ता किती वाजले हे त्यांना इंटरनेटवरूनच कळते. इंटरनेट नसेल तर दिवा लागत नाही. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या. अॅपमध्ये ‘वीज परत आल्यावर’ अशा अर्थाची सेटिंग असते: बंद, चालू किंवा पूर्वीची स्थिती. ती मुळात चालू अशी असेल तर मध्यरात्री वीज आली की सगळे दिवे भगभगून लागतात. बाहेरच्या दिव्यासाठी ‘पूर्वीची स्थिती’ आणि बेडरूमसाठी ‘बंद’ ठेवा. सूर्यास्ताची वेळ अॅप तुमच्या ठिकाणावरून काढते. तिथे गाव बरोबर पडले आहे ना ते बघा, आणि सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी अशी वेळ देता येत असेल तर द्या. भिंतीवरचे बटण दाबूनही दिवा लागला पाहिजे, अॅपशिवाय न चालणारा स्विच घरात आणू नका. पासवर्ड आणि खात्याची माहिती घरातल्या आणखी एका माणसाकडे असू द्या.

काही बिघडले तर

पडदा कोरा दिसतो आहे आणि घरात वीज आहे, तर बहुधा आतली बॅटरी उतरली आहे. काही तास जोडणीवर ठेवा, मग रीसेटच्या बारीक भोकात पिनेने दाबून वेळ पुन्हा भरा. काही वर्षांनी बॅटरी धरेनाशी होते, तेव्हा वीज गेली की वेळा पुसल्या जातात आणि टायमर बदलावा लागतो. दिवा बंद असताना मिणमिणतो तेव्हा आधी बघा की स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर. जुन्या जोडणीत हे उलटे झालेले असते, आणि मग दिवा बंद दिसला तरी होल्डरमध्ये वीज असते. तो दोष वायरमनकडून लगेच काढून घ्या. टायमर बरोबर चालतो पण घड्याळ महिन्याला मिनिटभर सरकते, ते स्वाभाविक आहे, दोन-तीन महिन्यांनी जुळवून घ्या.

मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू होण्याआधी आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास, मेन पाडून पेटी उघडा. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने स्क्रू हिरवे पडलेले दिसतील, ते बदलून घ्या, सैल झालेले आवळा. या दोन्ही मोसमांत विजा कडाडतात, त्यामुळे मुख्य पेटीत सर्ज (विजेच्या दाबाची अचानक उसळी) रोखणारे साधन बसवलेले असेल तर टायमर, राउटर आणि टीव्ही सगळेच वाचतात. त्याला चांगले अर्थिंग लागते, म्हणून त्याच वेळी अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. मीटरच्या पलीकडचे, खांबावरून येणाऱ्या तारेचे काही असेल तर त्याला हात लावायचा नाही. ते वीज खात्याचे काम आहे, तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.